अंतराचे पैसे संपले, दिवसांचे सुरू झाले: घरच्या फोनचा खर्च समजून घेऊ

नागपूरहून पुण्याला फोन लावा, दिल्लीला लावा नाहीतर शहरातल्या शहरात, धरमपेठेतून बर्डीला लावा, आज कॉलचे पैसे तेच. बहुतेक पॅकमध्ये तर कॉलला वेगळे पैसेच नाहीत. तरीसुद्धा महिन्याचा हिशोब मांडायला बसलं की फोनचा आकडा बोचतो. चार माणसांच्या घरात चार मोबाइल, एखादं जास्तीचं सिम, वायफाय आणि वर परदेशात मुलगी किंवा मुलगा. हे पैसे नेमके कशाचे जातात, हे फार थोड्या लोकांना कोणी नीट सांगितलेलं असतं. आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या रिचार्जकडे मी लक्ष ठेवतो. तिथे एक गोष्ट सारखी दिसते. लोक जुन्या सवयीने कॉलवर काटकसर करतात, म्हणजे थोडक्यात बोलतात, "ठेवतो आता, बिल येईल" म्हणतात. पैसे मात्र जातात भलतीकडूनच.

नागपूरच्या झिरो माइलच्या, म्हणजे अंतरं मोजण्याच्या जुन्या खुणेच्या, स्तंभाच्या पायथ्याशी हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, चांदा अशा गावांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. फोनचं बिलही कित्येक वर्षं अंतरावरच चालायचं. आधी ट्रंक कॉल होता. एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा आणि वाट पाहायची. घाई असेल तर अर्जंट आणि फारच घाई असेल तर लाइटनिंग, आणि त्याचे दरही तसेच चढे. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ऑपरेटरशिवाय थेट परगावी नंबर फिरवता येऊ लागला. मोजणी पल्सवर, म्हणजे एका युनिटात मिळणाऱ्या वेळेवर असायची. गाव जितकं लांब, तितकी पल्स छोटी आणि तितक्या भराभर मीटरवर युनिटं पडायची. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर जेवणं उरकून रांगा लागायच्या. आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात "लांबचा फोन म्हणजे महाग" हे जे बसलं आहे, ते तिथून आलेलं आहे.

हे बदललं ते टप्प्याटप्प्याने. २००० साली परगावच्या कॉलचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. २००२ मध्ये परदेशी कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली. २००३ पासून मोबाइलवर येणारा फोन फुकट झाला. १ मार्च २००६ ला बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशात कुठेही एक रुपया मिनिट असा दर आणला. तेव्हाच खरं तर अंतराचा हिशोब मोडीत निघाला. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आला, २०१५ मध्ये बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल फुकट केले, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओने कॉलचे वेगळे पैसेच घेणं सोडलं. जबलपूर रोडने खवासा ओलांडला की "रोमिंग लागलं, फोन उचलू नका" असं आपण म्हणायचो, ते आता विसरायला हरकत नाही.

पण कंपन्यांना हे परवडतं कसं? एका कॉलमध्ये तीन कामं असतात. तुमच्या बाजूच्या कंपनीने कॉल तुमच्याकडून घ्यायचा, कोणीतरी तो या शहरातून त्या शहरात वाहून न्यायचा, आणि पलीकडच्या कंपनीने तो तिच्या ग्राहकापर्यंत पोचवायचा. वाहतुकीच्या कामाला ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, कमाल दर ठरवून दिला होता. तो २०१५ मध्ये मिनिटाला ६५ पैशांवरून ३५ पैशांवर आणला गेला. पोचवण्याच्या कामाचे पैसे एक कंपनी दुसरीला द्यायची. मोबाइलसाठी ते २०१५ मध्ये १४ पैसे होते, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. दरम्यान आवाज हाच डेटा होऊन बसला. फोरजीवरचं बोलणं आता इंटरनेटच्या डेटासारखंच ऑप्टिकल फायबरमधून जातं, आणि एका व्हिडिओला लागणाऱ्या डेटापुढे तुमच्या तासभराच्या गप्पा अगदी किरकोळ असतात. त्यामुळे मिनिटं मोजण्यात कंपनीला रस राहिला नाही. तिला रस आहे तो तुमचं सिम रोज चालू राहण्यात आणि त्या प्रत्येक दिवसाचे पैसे मिळण्यात.

एवढं कळलं की पुढचा सगळा हिशोब सोपा होतो. पॅक बघताना त्याची किंमत बघायची नाही. किंमत भागिले दिवस करायचं, आणि मग त्यात मिळणाऱ्या गोष्टींपैकी आपण कोणत्या वापरतो ते बघायचं.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

दुधाचा रतीब महिन्याचा असतो, रिचार्जचा महिना मात्र २८ दिवसांचा. वर्षात असे १३ महिने बसतात, कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. म्हणून "महिन्याला २९९ लागतात" असं आपण म्हणतो तेव्हा वर्षाचे २९९ गुणिले १२ होत नाहीत, २९९ गुणिले १३ होतात. म्हणजे ३,८८७ रुपये. ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवायला लावला. असे पॅक आहेत, पण दुकानात आपणहून कोणी पुढे करत नाही. जिथे पेन्शन किंवा पगार ठरावीक तारखेला येतो, त्या घराला त्याच तारखेचा पॅक सोयीचा पडतो, रिचार्ज विसरून फोन बंद पडण्याचा प्रकार टळतो. पैसे मात्र त्यात फारसे वाचत नाहीत.

पैसे वाचतात ते दुसरीकडे. आमच्याकडच्या एका काकूंचं उदाहरण घ्या. साधा बटणांचा फोन. मुलगा हिंजवडीत, बहीण अकोल्याला, माहेर वरोऱ्याला. दिवसाला दोन-तीन फोन, तेही लांबलचक. कोपऱ्यावरचा रिचार्जवाला दर वेळी विचारतो, "काकू, २९९ चं मारू?" आणि काकू म्हणतात, "हो रे बाबा, नेहमीचंच मार." या पॅकमध्ये रोजचा दीड जीबी डेटा आहे. काकूंच्या फोनला तो वापरताच येत नाही. रोज रात्री बारा वाजता तो वाया जातो आणि नवा येतो. काकू कॉल करायला पैसे भरतात असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्या पैशांचा मोठा हिस्सा त्या कधीच न वापरणार असलेल्या इंटरनेटचा असतो. मला हे बघवत नाही, कारण हे बहुतेक वेळा पेन्शनचे पैसे असतात.

यावर उपाय आलेला आहे आणि तो फार लोकांपर्यंत पोचलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षणाच्या नियमांत दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा, म्हणजे डेटा नसलेला पॅक ठेवलाच पाहिजे, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल, असं त्यात सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक बाजारात आले. त्या वेळचे दर असे: जिओचा ८४ दिवसांसाठी ४४८ रुपये आणि ३३६ दिवसांसाठी १,७४८ रुपये, एअरटेलचा ८४ दिवसांसाठी ४६९ आणि ३६५ दिवसांसाठी १,८४९, व्हीचा (व्होडाफोन आयडियाचा) ८४ दिवसांसाठी ४७० आणि ३६५ दिवसांसाठी १,८४९. सगळ्यांत देशभर अनलिमिटेड कॉल. दर बदलत राहतात, म्हणून रिचार्ज करताना आजचा आकडा बघूनच घ्या. हिशोबाची रीत मात्र तीच राहील.

आता भागाकार करू. २९९ भागिले २८, म्हणजे दिवसाला साधारण १० रुपये ६८ पैसे. १,८४९ भागिले ३६५, म्हणजे ५ रुपये ७ पैसे. काकूंचा खर्च निम्म्याहून खाली आला. बोलण्यात काही कमी झालं नाही. वर्षाला दोन हजारांच्या वर वाचले.

इथेच एक बारीक गोष्ट आहे, ती नजरेआड करू नका. १,७४८ हा आकडा १,८४९ पेक्षा शंभर रुपयांनी कमी, म्हणून माणूस पटकन तो उचलतो. पण १,७४८ ला ३३६ दिवस मिळतात. ३३६ म्हणजे २८ दिवसांचे बारा महिने, पूर्ण वर्ष नव्हे. दिवसाला पडतात ५ रुपये २० पैसे. म्हणजे दिसायला स्वस्त असलेला पॅक प्रत्यक्षात तेरा पैशांनी महाग. फरक छोटा आहे आणि केवळ तेवढ्यासाठी कंपनी बदलण्यात अर्थ नाही, ज्याची घरात रेंज चांगली तोच घ्यावा. पण "वर्षाचा पॅक" म्हणून कोणी काही दाखवलं की आधी दिवस किती ते विचारायचं, ही सवय लागली पाहिजे.

हे पॅक अॅपमध्ये पहिल्या पानावर बहुधा दिसत नाहीत. वर मोठ्या अक्षरांत रोजच्या डेटाचे पॅक असतात. खाली सरकत जायचं, किंवा शोधायच्या जागी थेट आकडा टाकायचा. दुकानात गेलात तर "फक्त कॉलिंगचं, डेटा नको" असं स्पष्ट सांगायचं. "असं काही नाहीये" हे उत्तर आलं तर ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर बघता येतं. तिथे कंपनी, सर्कल (म्हणजे फोनसेवेचा विभाग) आणि प्रीपेड-पोस्टपेड निवडलं की पॅक समोर येतात. सर्कल निवडताना महाराष्ट्र निवडा. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, नागपूर महाराष्ट्रात येतं.

एक इशारा मात्र मनापासून द्यायचा आहे. डेटा नसलेला पॅक स्मार्टफोनवाल्या आई-बाबांना देताना त्यांना नीट समजावून द्या. घराबाहेर पडल्यावर व्हॉट्सअॅप चालणार नाही, भाजीवाल्याकडे क्यूआर कोड स्कॅन करून पैसे जाणार नाहीत, ओला-उबर बोलावता येणार नाही. बाबा रोज फुटाळ्याला फिरायला जातात आणि वाटेत नातवाचे फोटो बघतात, तर त्यांच्याकडून ते काढून घेऊ नका. त्यांच्यासाठी थोडक्या डेटाचा पॅक बरा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा १९९ रुपयांचा पॅक २८ दिवसांसाठी अनलिमिटेड कॉल आणि एकूण २ जीबी डेटा देत होता. घरी वायफाय असेल तर बाहेरच्या कामापुरते दोन जीबी बऱ्याच ज्येष्ठांना पुरतात.

चार माणसांच्या घराचा हिशोब मांडून बघू. सगळ्यांना २९९ चा पॅक असेल तर वर्षाचे १५,५४८ रुपये. त्यातल्या आजी-आजोबांना फक्त कॉलिंगचा १,८४९ चा दिला आणि बाकी दोघांचं तसंच ठेवलं तर होतात ११,४७२. वाचले ४,०७६, आणि घरात कोणाचंही बोलणं एका मिनिटानेही कमी झालं नाही. आजोबांना डेटा हवाच असेल तर त्यांचे १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ धरा, तरीही बचत तीन हजारांच्या पुढेच राहते.

घरचा लँडलाइन आणि वायफायचा डबा

फायबरचं इंटरनेट घेतलं की त्यासोबत बहुतेक कंपन्या देशभर अनलिमिटेड कॉलचा लँडलाइन देतात, वेगळे पैसे न घेता. हे कनेक्शन घरात असतं, त्याचे पैसे दर महिन्याला जातात, आणि फोन मात्र कोणी जोडलेलाच नसतो. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या किंवा काळ्या डब्याच्या मागे बघा. इंटरनेटच्या केबलसाठी रुंद खाचा असतात आणि त्यांच्या बाजूला एक अरुंद खाच, बहुधा टेलिफोनचं चिन्ह असलेली किंवा नुसतं "फोन" लिहिलेली. जुन्या टेलिफोनची बारीक वायर त्याच खाचेत बसते, टक्क असा आवाज आला की लागली. माळ्यावर पडलेला जुना फोन काढा, पुसा आणि जोडून रिसीव्हर कानाला लावा. डायल टोन आली तर काम झालं. नाही आली तर कस्टमर केअरला सांगून नंबर चालू करून घ्यावा लागतो. मोठी बटणं, मोठा आवाज आणि हातात धरायला सोपा रिसीव्हर, म्हणून ऐंशीच्या घरातल्या माणसाला हा फोन मोबाइलपेक्षा कितीतरी सुखाचा वाटतो. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावायचा, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. "नंबर लागत नाही" ही तक्रार बऱ्याचदा एवढ्या एका शून्याची असते.

एक फरक ध्यानात ठेवावा. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरची लाइट गेली तरी तो वाजायचा. फायबरचा फोन डब्यावर चालतो, आणि डबा घरच्या विजेवर. मे महिन्यात वादळ आलं, मोहल्ल्याची लाइट गेली की हा फोनही बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर निव्वळ लँडलाइनवर भिस्त ठेवू नका, जवळ चार्ज केलेला मोबाइल असलाच पाहिजे.

फायबरच्या जाहिरातीतला आकडा आणि बिलाचा आकडा यांत १८ टक्के जीएसटीचा फरक पडतो. ३९९ रुपयांचा प्लॅन हातात येतो ४७० रुपये ८२ पैशांना, वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. मोबाइलच्या प्रीपेड पॅकच्या किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. माझं स्पष्ट मत असं की निव्वळ फोन स्वस्त पडावा म्हणून फायबर घेऊ नये, तो हिशोब जमत नाही. मुलांचा अभ्यास, घरून काम, टीव्ही यासाठी ते आधीच असेल, तर मात्र त्याचा शेवटच्या पैशापर्यंत उपयोग करून घ्यावा.

त्याच वायफायवर आणखी एक सोय आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये "वायफाय कॉलिंग" नावाचं एक बटण असतं. ते चालू केलं की टॉवरची रेंज कमी असली तरी नेहमीचा कॉल घरच्या वायफायवरून जातो, नंबर तोच, समोरच्याला वेगळं अॅप लागत नाही, आणि देशातल्या कॉलला जास्तीचे पैसेही लागत नाहीत. आपल्याकडे ही सेवा २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला आली. बचत इथे आडून होते. कितीतरी घरांत "आतल्या खोलीत याची रेंज येत नाही" म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम पाळलेलं असतं, आणि त्यालाही दर २८ दिवसांनी रिचार्ज. वायफाय कॉलिंग चालू केल्यावर ते सिम बऱ्याचदा लागतच नाही.

ते दुसरं सिम मात्र एकदम सोडून देऊ नका. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला मिळतो. त्याआधी तो बँक, आधार, गॅस, एलआयसी, डिजिलॉकर जिथे जिथे जोडला असेल तिथून बदलून घ्या. आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच "हा माझा नाही" असं कळवता येतं.

परदेशचा फोन

देशातलं अंतर संपलं तरी देशाबाहेरचं संपलेलं नाही. परदेशातून भारतात येणारा कॉल पोचवण्यासाठी आपली कंपनी तिकडच्या कंपनीकडून अजूनही मिनिटाला काही पैसे घेते, आणि इकडून जाणाऱ्या कॉलला त्या त्या देशाचे दर लागतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मुलीला थेट आयएसडी लावणं ही शेवटची वाट असावी. तिच्याशी रोजचं बोलणं व्हॉट्सअॅप किंवा फेसटाइमवर, घरच्या वायफायवर. पूर्वी फोनची वेळ दर ठरवायचा, आता घड्याळ ठरवतं. इथे सकाळचे आठ म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा उन्हाळ्यात साडेदहा. मोबाइल डेटावर बोलणार असाल तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोला, डेटाचा वापर कितीतरी पटींनी कमी होतो. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये, स्टोरेज आणि डेटाखाली, कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचं बटणही आहे.

आजीकडे बटणांचाच फोन असेल तर फोन तिकडून यावा. अमेरिकेतल्या काही मोबाइल प्लॅनमध्ये भारतातले कॉल धरलेले असतात, आणि गूगल व्हॉइससारख्या सेवेवरून भारतातल्या साध्या फोनवर मिनिटाला अगदी थोडक्यात लावता येतं. ज्यांची मुलं स्काइपवरून लावायची, त्यांच्यासाठी ती वाट मे २०२५ मध्ये बंद झाली. मुलाने पर्याय शोधला आहे की नाही ते विचारून घ्या, कारण "आजकाल फोनच येत नाही" यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

दुबई-अबुधाबीचं गणित वेगळं. तिथे व्हॉट्सअॅपवर निरोप आणि फोटो जातात, पण कॉलवर निर्बंध आहेत. तिथल्या सरकारने परवाना दिलेली बॉटिमसारखी अॅप चालतात. मुलगा तिकडे जाण्याआधीच ते अॅप आई-बाबांच्या फोनमध्ये टाकून, एकदा शेजारच्या खोलीतून लावून, कसं उचलायचं ते दाखवून द्यावं. नंतर फोनवरून समजावणं फार जड जातं.

तिकडच्या बँकेला, इस्पितळाला किंवा एखाद्या कार्यालयाला फोन लावायचा असेल तर व्हॉट्सअॅपचा उपयोग नाही, आणि अमेरिकेतला टोल फ्री नंबर इथून फुकट नसतो. अशा ठिकाणी मुलीलाच सांगावं. तिने तिथून त्या कार्यालयाला फोन लावायचा, तुम्हाला व्हॉट्सअॅपवर घ्यायचं आणि एक फोन दुसऱ्याजवळ स्पीकरवर ठेवायचा. होल्डवर वीस मिनिटं गेली तरी आयएसडीचं मीटर तुमच्यावर पडत नाही. वरचेवर थेट लावावंच लागत असेल तर आपल्या कंपनीचा त्या देशाचा आयएसडी पॅक आधी घ्या. पॅकशिवायचा दर आणि पॅकचा दर यांत मोठी तफावत असते.

स्वतः तिकडे जाणार असाल तर विमानात बसण्याआधी डेटा रोमिंग बंद करा. बोलायला तिकडचं सिम किंवा ईसिम, आणि इथलं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतलेलं असलं पाहिजे आणि तुम्ही परत येईपर्यंत पॅकची मुदत टिकली पाहिजे. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी वर्षाचा कॉलिंग पॅक मारून जाणं याच कारणाने शहाणपणाचं.

परदेशी नंबरवरून एकच रिंग देऊन बंद होणारा मिस्ड कॉल आला तर परत लावू नका. असे नंबर मुद्दाम महागड्या दराचे ठेवलेले असतात आणि तुम्ही लावलात की मिनिटाचे पैसे तुमच्या शिलकीतून जातात. घरातल्या मोठ्यांना हे एकदा सांगून ठेवा. आपला मुलगाच असेल या समजुतीने ते लावतात.

बदलायचं ठरलं तर

कंपनी बदलून फायदा होत असेल तर नंबर तोच राहतो. मोठ्या इंग्रजी अक्षरांत PORT, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवला की पोर्टिंगचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. आधीच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असले पाहिजेत, आणि पोस्टपेडची थकबाकी नसावी. सर्कल तेच असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं. तो कोड नव्या कंपनीच्या दुकानाशिवाय कोणालाही सांगू नका, फोनवर मागणाऱ्याला तर मुळीच नाही. आणि वर्षाचा पॅक नुकताच मारलेला असेल तर थांबा, उरलेले दिवस नव्या कंपनीत मिळत नाहीत.

पॅक संपायच्या आधीच पैसे कापले जात असतील तर बहुधा कॉलर ट्यून, क्रिकेट किंवा राशिभविष्याची एखादी सेवा चुकून सुरू झालेली असते. १५५२२३ या नंबरवरून ती बंद करता येते. न मागता सुरू झाली असेल तर १९८ वर तक्रार नोंदवा, हा नंबर फुकट आहे. तक्रारीचा डॉकेट नंबर एसएमएसने येतो. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. अपील तीस दिवसांच्या आत करावं लागतं, म्हणून तो डॉकेट नंबर तारखेसकट डायरीत उतरवून ठेवा. अपिलाच्या वेळी पहिल्यांदा तोच विचारला जातो.